कानामागे दोन दिवस

हा लेख मी तीन वेळा टाळला आहे. आमच्या दिवाळी अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. गणपती उठले की खुर्चीत मान मागे टाकून म्हणतात, "मधुकरराव, या खेपेला तुमच्या हाताचं रहस्य लिहा." आणि मी दर वर्षी दुसरंच काहीतरी लिहून देतो. एकदा खुर्चीत घोरणाऱ्या गिऱ्हाइकांवर लिहिलं. एकदा टक्कल पडलेला माणूस दर महिन्याला केस कापायला का येतो, यावर. लोक हसले, आणि मी सुटलो.

रहस्य असं की तो हात माझा नाही. ज्याचा होता त्याचं नाव मी पन्नासेक वर्षं कोणाला सांगितलं नाही. आता माझे हात थरथरतात, खुर्ची पुतण्याने घेतली आहे, आणि लपवून ठेवण्यासारखं माझ्याकडे एवढंच उरलं आहे. तेव्हा सांगून टाकतो.

पंचवटीत, दिंडोरी नाक्याच्या अलीकडे आमचं सलून. वडिलांनी सुरू केलं, मी चालवलं. "दाढी केली की तोंडाची आग होते? मधूकडे जा," असं लोक एकमेकांना सांगतात. लांबून माणसं येतात. गळ्यावर पुरळ उठलेली, गालावर लाल चट्टे पडलेली, रोज दाढी करावी लागते म्हणून रोज सकाळी घाबरणारी. पुष्कळांना माझ्याकडे उतार पडला. यात खोटं काही नाही. खोटं पुढे आहे.

आधी धंद्यातली गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दाढीचा केस सरळ उभा नसतो, तो एका बाजूला कललेला असतो. तो ज्या बाजूला कलला आहे त्याच बाजूने वस्तरा नेला तर आम्ही त्याला सुलटा हात म्हणतो. विरुद्ध बाजूने नेला तर उलटा हात. सुलट्या हाताने थोडी खर, म्हणजे खुंटांची खरखर, राहते. उलट्या हाताने गाल काचेसारखा होतो, पण केस कातडीच्याही खाली तुटतो, आणि वर येताना वाट चुकून आतच वळतो. मग पुरळ. शिवाय वस्तरा केसाबरोबर कातडीचा एक पापुद्रा काढून नेतो, डोळ्याला न दिसणारा. आग होते ती त्या उघड्या कातडीची.

हे मला तरुणपणी माहीत नव्हतं. मला उलटा हात माहीत होता. गिऱ्हाईक उठताना हाताची मागची बाजू गालावर फिरवून बघायचं. जरा खर लागली तरी पुन्हा बसायचं. मी एकाच गालावर तीन-तीनदा उलटा हात मारायचो आणि वर जळजळीत लोशन थापायचो. गिऱ्हाईक "स्स" करायचं. "चरचरलं म्हणजे दाढी झाली," असं मी म्हणायचो, आणि सगळ्यांना ते पटायचं.

अशा दुकानात दगडूबाबा आले.

डोंगरातल्या हरसूलकडचा माणूस. वाळलेला, उंच, डोक्याला पांढरा रुमाल. वडिलांच्या ओळखीने आले आणि तिसऱ्या खुर्चीपाशी उभे राहिले. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून मूठभर कापूस काढून फळीवर ठेवला. मी विचारलं, "बाबा, वाती वळायच्या काय?"

"वळू की," ते म्हणाले. "आधी तुझ्या गिऱ्हाइकाचा गाल वाचतो."

त्यांनी कापसाचा बोळा कोरड्या गालावरून हलकेच ओढला. एका बाजूने तो निसटत गेला. दुसऱ्या बाजूने ओढताच तंतू अडकले. जिथे अडकला तिथे बोटाने खूण, मग पुढे. गाल, हनुवटी, गळा. डोळे मिटलेले. शेवटी म्हणाले, "याचा डावा गाल खाली जातो, उजवा कानाकडं. आन् गळ्यावर इथं भोवरा हाय. तू आजवर भोवऱ्याला नांगर घातलास."

ते गिऱ्हाईक दहा वर्षं माझ्याकडे येत होतं. त्याच्या गळ्यावर भोवरा आहे हे मला माहीत नव्हतं. डोक्याला भोवरा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण प्रत्येक माणसाच्या तोंडावर केसांची अशी वेगळी वाट असते, सख्ख्या भावांचीही सारखी नसते, हे मला त्या दिवशी कळलं. रोज शंभर वेळा हात फिरलेली जागा मी पहिल्यांदा पाहिली. आजही कापूस अडकताना पाहिला की मला तसंच वाटतं.

तरी मी त्यांची थट्टा करत राहिलो. ते एका दाढीला माझ्या तीन दाढ्यांएवढा वेळ लावायचे. ओलं कोमट फडकं तोंडावर ठेवून गप्प उभे राहायचे. मी म्हणायचो, "बाबा, भात शिजला का?" ते म्हणायचे, "शिजल्याबिगर वाढत नाय."

मग तो कंडक्टर आला. येवल्याच्या गाडीवरचा. गळ्यावर मोहरी पेरल्यासारखे फोड, खाकी कॉलरला रक्ताचे ठिपके. मी त्याला आधी दोनदा घोटून काढलं होतं आणि दोन्ही वेळा फोड वाढले होते. बाबांनी कापूस फिरवला, मग वस्तरा मिटून ठेवला. म्हणाले, "पाच दिस दाढी बंद."

"बाबा, साहेब मला डेपोत बसवून ठेवतील!"

"बसवू दे. तुला बसायला तरी मिळंल."

सगळं दुकान हसलं. कंडक्टर मात्र गेला आणि पाच दिवसांनी खुंट वाढवून आला. बाबांनी फडक्याने कातडी मऊ केली. ज्या केसाचं टोक वर आलं होतं तेवढंच सुईने उचलून मोकळं केलं, उपटलं नाही. मग नुसता सुलटा हात, तोही असा हलका, की वस्तरा आपल्याच वजनाने उतरतो आहे असं वाटावं. कातडी ताणायची नाही. एका जागेवरून दुसऱ्यांदा जायचं नाही. नंतर गार पाण्याचं फडकं. तुरटी ओली करून जिथे रक्त दिसेल तिथेच टेकवायची आणि लगेच धुऊन टाकायची. "तुरटी म्हंजे पोलीस," ते म्हणायचे. "बोलवायचा, काम झालं की घालवायचा."

शेवटी कोरफड. पण तीही अशीच नाही. पान कापून ते वाटीत उभं करून ठेवायचे, पिवळा चीक गळून जाईपर्यंत. तो चीक वाईट, आग करतो. मग सोलून, धुऊन आतला गर घ्यायचा. आणि नव्या माणसाला गर आधी फक्त कानामागे लावायचे. "दोन दिसांनी ये. कान लाल झाला नाय तर तोंडाला लावीन." दोन दिवस म्हणजे दोन दिवस. गिऱ्हाईक कितीही तडफडलं तरी आधी नाही.

महिन्याभरात कंडक्टरचा गळा स्वच्छ झाला. तो बाबांना नारळ घेऊन आला. त्या नारळाकडे बघून मला जे वाटलं त्याला मी तेव्हा नाव दिलं नाही. आता देतो. मी जळलो.

रामनाथ माझ्या बरोबरीचा. मखमलाबादकडे त्यांचा मळा, झेंडू, गुलाब आणि भाजीपाला. पहाटे फुलं बाजारात टाकून येता-येता तो आमच्याकडे बसायचा. त्याचं लग्न ठरलं तेव्हा लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी हळद होती, आणि नवरदेवाची दाढी करायचा मान माझा. लग्नाआधी आठवड्याभराने तो दुकानात आला तेव्हा बाबा म्हणाले, "नवरदेवा, तुझी कातडी पातळ हाय. हळदीच्या आदल्या सांजंला दाढी करून घे. सकाळी करून दुपारी हळद चोळली तर जखमंवर मीठ." आणि त्यांनी गर रामनाथच्या कानामागे लावला. दोन दिवसांनी तो परत आला. बाबांनी कान पुढे वाकवून पाहिला. मी शेजारच्या खुर्चीवरून पाहिलं. कान स्वच्छ होता.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. कान स्वच्छ होता, आणि मी तो पाहिला होता.

आदल्या संध्याकाळी दाढी करायला मी गेलो नाही. मला वाटलं, नवरदेवाच्या तोंडावर ताजी चकाकी हवी. हळदीच्या सकाळी मळ्यात पोचलो, बाबा मदतीला बरोबर होते. तिथे मामा, काका, मेहुणे ओळीने बसलेले. रीतीप्रमाणे नवरदेवाची दाढी आधी. पण मामांना गावात मूर्तिजापूरच्या पाहुण्यांना आणायला जायचं होतं, काकांना मांडवाचं बघायचं होतं. "अरे, आमचं उरक, नवरा कुठं पळतोय?" मी पाच दाढ्या उरकल्या. सहावी रामनाथची. वस्तरा पट्ट्यावर दोनदा फिरवला, तेवढंच. धार गेलेली होती. ती गेली आहे हे हाताला कळत होतं. धार गेली की हात दाबतो, आणि मी दाबला. एकदा सुलटा, तीनदा उलटा. वर लोशन.

"मधू, आग होतीय रे," रामनाथ म्हणाला.

"नवरा झालास, आता आगीची सवय कर," मी म्हणालो. सगळे हसले.

बाबा हसले नाहीत. ते पुढे आले, गार पाण्याच्या फडक्याने लोशन पुसून काढलं, आणि बरोबर आणलेला धुतलेला गर त्याच्या गालांवर लावला. लाली थोडी उतरली. बाबा त्याच्या आईला म्हणाले, "माय, आज तोंडाला हळद लावू नका. हातापायाला लावा." पण नवरदेवाच्या तोंडाला हळद नाही, असं कुठे होतं? दुपारी मित्रांनी धरून चोळली.

संध्याकाळपर्यंत त्याचं तोंड सुजलं. गळ्यावर पाण्याचे फोड आले, डोळे अर्धे मिटले. दुसऱ्या दिवशी तो तसाच बोहल्यावर उभा राहिला. मुंडावळ्यांखाली चेहरा दिसू नये म्हणून सगळ्या फोटोत मान वळवलेली. नवरीकडच्या बायका कुजबुजल्या, याला काही रोग आहे आणि लपवला आहे. ते कुजबुजणं त्याच्या बायकोने माहेरी पुढे कितीतरी दिवस ऐकलं.

तिसऱ्या दिवशी मामा दुकानात आले. दुकान भरलेलं होतं.

"काय लावलंत पोराच्या तोंडाला?"

मी वस्तरा पुसत होतो. एका क्षणात मला सगळं दिसलं. पाच दाढ्या, गेलेली धार, तीनदा उलटा हात, लोशन. आणि मी म्हणालो, "मामा, मी नुसती दाढी केली. वरून पाला यांनी लावला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हातात कापूस तसाच. त्यांनी माझ्याकडेच का पाहिलं, मामांकडे का नाही, हे मला नंतर कळलं. रामनाथचा कान पाहणारा दुकानात दुसरा माणूस मीच होतो. ते स्वतः म्हणाले असते तर कोण मानणार? डोंगरातला माणूस, त्याचं डोंगरातलं औषध. ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते. मी वस्तरा पुसत राहिलो.

"व्हय," बाबा म्हणाले. "गर लावला मी."

"जंगलातला पाला नवरदेवाच्या तोंडाला? जनावरं समजलास का आम्हाला?" मामांनी फळीवरची वाटी हाताने उडवली. गर जमिनीवर पडला. बाबा खाली वाकले आणि तो फडक्याने गोळा करू लागले, कोणाचा पाय घसरू नये म्हणून.

त्यानंतर तिसऱ्या खुर्चीवर कोणी बसेना. रिकामी असली तरी लोक माझ्यासाठी थांबायचे. तीन आठवडे बाबा रोज सकाळी यायचे, कापूस फळीवर ठेवायचे, खुर्ची पुसायचे, उभे राहायचे. मग एक दिवस त्यांनी पिशवी भरली. कापसाचा पुडा मात्र फळीवरच राहू दिला. "हे असू दे, मधू. तुला लागंल." रागाने नाही. जाता-जाता हत्यार दुसऱ्याच्या हवाली करावं, तसं.

आणि लागला. दोन-चार महिन्यांनी गळ्यावर फोड आलेला एक माणूस आला. मी इकडे तिकडे पाहिलं आणि कापसाचा बोळा काढला. मग कोमट फडकं. मग हलका सुलटा हात. मग तुरटी, बोलवायची आणि घालवायची. पुढे वस्तरा गेला, प्रत्येक माणसाला नवीन ब्लेड आलं, पण बाकी सगळं तेच. कोरफडसुद्धा, कानामागे, दोन दिवस. लोक विचारायचे, "हे कुठं शिकलात?" मी म्हणायचो, "अनुभव." आमच्या धंद्यातल्या मंडळींनी एकदा माझा सत्कार केला. शाल घेतली, आणि तिथेही "अनुभव" म्हणालो.

एकदा मी हरसूलला गेलो. बाबांनी आमचं दुकान सोडून बरीच वर्षं झाली होती. बाजाराचा दिवस होता. एसटीत सगळा रस्ता मी वाक्य पाठ करत होतो. बाबा बाजाराच्या कडेला एका झाडाखाली गोणपाट टाकून बसले होते. डोळ्यांत पांढरं उतरलेलं. मी समोर बसलो, बोललो नाही. त्यांनी हात पुढे करून माझा गाल चाचपला, मग कापूस फिरवला. हनुवटीपाशी थांबले.

"हा गाल मी वळखतो," ते म्हणाले. "मधू."

"बाबा..."

"बोलू नको. मान हालती."

आणि त्यांनी माझी दाढी केली. जवळजवळ न दिसणाऱ्या डोळ्यांनी. मी हजारो दाढ्या केल्या, पण खुर्चीच्या या बाजूला बसून दाढी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. कोमट पाण्याचं फडकं ठेवलं तेव्हा बाजाराचा आवाज लांब गेला. बोटं पुढे आणि त्यांच्या मागे वस्तरा, काठीने चाचपत उतार उतरणाऱ्या माणसासारखा. गळ्यापाशी आले तेव्हा मी श्वास धरला. ज्याची रोजी मी घालवली त्याच्या हातात धार होती आणि माझा गळा त्याच्यापुढे होता. वस्तरा आला आणि गेला, आणि गेला हे मला वाऱ्याने कळलं. वारा लागला तेव्हा गळा थंड वाटला. इतका हलका हात मी परत कधी अनुभवला नाही. मला स्वतःला तो कधी जमला नाही. लोक ज्याची स्तुती करतात ती त्या हाताची सावली आहे.

त्यांनी फडक्याने तोंड पुसलं. आता बोलायला काही हरकत नव्हती. तोंडावर फेस नव्हता, मान मोकळी होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी माझा कान पुढे वाकवला आणि मागे गार काहीतरी लावलं.

"दोन दिसांनी ये," म्हणाले. "लाल झाला नाय तर तोंडाला लावतो."

मी "येतो" म्हणालो आणि उठलो. कान लाल झाला नाही. मी गेलो नाही. दुकान होतं, गिऱ्हाईक होतं, कारणं होती. वर्षभराने गेलो तेव्हा झाडाखाली एक बाई मिरच्या विकत होती. "ते म्हातारं? पावसाळ्यात गेलं की," ती म्हणाली.

यंदा रामनाथच्या नातवाचं लग्न होतं. पुतण्याला सांगायला रामनाथ स्वतः दुकानात आला. इतक्या वर्षांत त्याने आमचं दुकान सोडलं नाही, आणि एक वाक्यही सोडलं नाही. ते याही वेळी म्हणाला. "दाढी करा, पण ते कोरफड-बिरफड नको हां. त्या बाबाच्या पाल्यानं माझ्या लग्नाची वाट लावली होती."

मी पुतण्याला बाहेर पाठवलं आणि रामनाथला सगळं सांगितलं. पाच दाढ्या, धार, लोशन, कान. तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

"म्हंजे पन्नास वर्षं मी त्या माणसाला फुकट शिव्या घातल्या?"

"हो."

"आन् तू ऐकत होतास. दर आठवड्याला. माझ्या गालावर हात ठेवून."

"हो."

तो आरशापासून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "मला कशाला सांगतोस रे? मला काय, सूज चार दिवसांत उतरली. त्याला सांगायचं होतंस." तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला आणि खुर्चीत बसला. टोपी काढून त्याने स्वतःच कान पुढे वाकवला.

"लाव," म्हणाला. "दोन दिवसांनी येतो. नातवालाही पाठवतो."

तो दोन दिवसांनी आला. कान स्वच्छ होता.

हरसूलच्या एसटीत पाठ केलेली वाक्यं मला अजून येतात. झाडाखाली म्हणता आली नाहीत, ती इथे लिहितो.

दगडूबाबा, रामनाथच्या तोंडाला झालं ते माझ्या वस्तऱ्याने झालं, तुमच्या गराने नाही. तुम्ही दोन दिवस थांबून त्याचा कान पाहिला होता. तो मीही पाहिला होता. मामांसमोर तुम्ही माझ्याकडे बघितलंत तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं, की बाबांनी कान बघितलाय, चूक माझी आहे. मी म्हणालो नाही. माझं चुकलं, बाबा. मला माफ करा.